दुरुस्त्या आणि पुरवण्या

कापेल आन डेन आयसेल
बुधवार, १७ जानेवारी २०२४

सुचेता,

तुझा पत्ता आपल्या वर्गातल्या अश्लेषाने दिला. तिने फोन नंबरही दिला होता, पण फोन वाजला की माणसाला काहीतरी करावंच लागतं, उचलावा तरी लागतो नाहीतर कापावा तरी. पत्र न उघडता ठेवता येतं. म्हणून पत्र.

मी मंजूषा. २००१ साली, एम.एस्सी.च्या वर्षात, कर्वेनगरला लिमयेबाईंच्या वरच्या मजल्यावर आपण दोघी आठ महिने राहिलो. जानेवारीत तू खोली सोडलीस आणि त्यानंतर आपण बोललो नाही. त्या डिसेंबरात जे झालं त्याबद्दल आज लिहीत नाही. एवढ्या वर्षांनी आलेल्या पहिल्याच पत्रात ते तुझ्यावर टाकणं बरोबर नाही, असं मी स्वतःला सांगते आहे. ते खरं कारण आहे की सोयीचं, हे मला ठरवता येत नाही.

आम्ही रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेलमध्ये राहतो. शिरीषच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नोकरीमुळे आलो त्याला चौदा वर्षं झाली. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि नीट लिहून ठेवायच्या. आठवड्याचे चार दिवस. मुलगी मृण्मयी पंधरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते.

बुधवारी मला सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी घराजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये जाते. आधी डच बोलायचा सराव म्हणून जायचे. आता भाषा आली तरी जाते. विलमीन नावाच्या सत्तरीच्या निवृत्त शिक्षिका तिथलं सगळं बघतात. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं, दुसरं घ्यायचं नसतं. या गटाचं एक काम म्हणजे वेगवेगळ्या देशांत धर्मासाठी तुरुंगात असलेल्या ख्रिस्ती माणसांना कार्डं पाठवायची. त्याचेही नियम आहेत. आपला पत्ता लिहायचा नाही, त्या देशाच्या सरकारबद्दल काही लिहायचं नाही, चित्र साधं असावं. मी दोन वर्षं कार्डांवर ट्यूलिप काढत होते.

ऑक्टोबरात त्या हॉलमध्ये एक पाकिस्तानी ख्रिस्ती बाई आली. रिफत. वय अडतीस, बरोबर अकरा वर्षांची मुलगी मेहक. जवळच एका रिकाम्या ऑफिस इमारतीत आश्रयार्थींची सोय केली आहे, तिथे त्या राहतात. विलमीननी मला बोलावलं, कारण तिची उर्दू आणि माझी हिंदी एकमेकींना कळतात. रिफत फैसलाबादच्या बाजूच्या एका गावात सरकारी मुलींच्या शाळेत कामाला होती. तिथे एके दिवशी आवारात कचरा जाळला गेला आणि त्यात धर्मग्रंथाची पानं होती असं कोणीतरी म्हणालं. दुपारपर्यंत फाटकाशी दोनशे माणसं जमली. शाळेच्या मुख्याध्यापिकेने, जी स्वतः पाच वेळा नमाज पढते, रिफतला बुरखा घालून मागच्या दाराने रिक्षात बसवलं आणि मेहकला वर्गातून स्वतः आणून दिलं. रिफतचा नवरा इल्यास कराचीत नाव बदलून राहतो आहे. इथे रिफतला राहण्याचा परवाना मिळाला तरच त्याला बोलावता येईल.

वकिलाला देण्यासाठी तिची हकीकत मी ऐकून लिहून काढली. इंग्रजीत सहा पानं झाली. भाषा थोडी नीट केली, बाकी सगळं तिचंच.

तुला का लिहिते आहे, तर मागच्या बुधवारी रिफतने विचारलं, "बाजी, आपके यहां भी मसीही लोग हैं?" मी म्हटलं, हो, माझी एक मैत्रीण होती. "थी?" ती म्हणाली. "गुज़र गई?" मी म्हटलं, नाही.

तुझ्या वडिलांना, त्रिभुवन सरांना, नमस्कार सांगावा असं वाटतं. तो पोचवायचा की नाही हे तू ठरव.

मंजूषा


कापेल
बुधवार, ६ मार्च

सुचेता,

तुझं उत्तर आलं नाही, येईल असं धरूनही चालले नव्हते. तरी लिहिते.

रिफतची आश्रयाच्या अर्जाची मोठी मुलाखत मागच्या आठवड्यात झाली. सकाळी नऊपासून चारपर्यंत. तिथे त्यांचा स्वतःचा दुभाषी असतो, माझ्यासारख्यांना आत बसता येत नाही. बाहेर आल्यावर ती थकलेली होती, पण चेहरा मोकळा होता. "बाजी, किसी ने सारा दिन मेरी बात सुनी. चाय भी उसी ने ला के दी." मग ट्रामच्या थांब्यावर एक उंच, सूटबूट घातलेला माणूस कुत्र्यामागे वाकून पिशवीत घाण उचलत होता. रिफत टक लावून पाहत राहिली. म्हणाली, "ये क्या, यहां तो साहब लोग भी मेरी बिरादरी के निकले." आणि इतकी हसली की मेहक लाजून लांब जाऊन उभी राहिली.

मी हसले, पण जरा उशिरा.

मुलाखतीचा मजकूर आला की वकील अर्जदाराबरोबर तो वाचतात आणि काही चुकलं असेल, राहिलं असेल तर कळवतात. 'दुरुस्त्या आणि पुरवण्या' असं त्या कागदाचं नावच आहे. मला ते नाव फार आवडलं. माझ्या कामात असंच असतं. वकीलबाईंनी मला ईमेल करून एक शंका विचारली. मी लिहिलेल्या सहा पानांत एक शब्द होता, मुलाखतीत तिथे दुसरा आला होता. भाषांतराचा प्रश्न आहे का, असं त्यांनी विचारलं. मी कळवलं की तसंच असावं. प्रकरण मिटलं.

इकडे आमच्या महाराष्ट्र मंडळात मी चर्चमध्ये जाते याची चर्चा आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निशिगंधा म्हणाली, "अगं, तुला कुंकू लावायचं ना अजून? की विचारून लावू?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मंडळातल्याच अभिजितला मात्र रिफतच्या गोष्टीत फार रस. आम्ही जेवायला बसलो असताना तो म्हणाला, "वहिनी, हे ग्रुपवर टाका. लोकांना कळू दे तिकडे काय चालतं ते." मी म्हटलं, तिचं प्रकरण चालू आहे, नाव बाहेर जाता कामा नये. तो म्हणाला, "नाव नका हो टाकू. देशाचं टाका." तेव्हा मला कळलं की त्याला रिफत नकोच होती. आणि मग शिरीषची मावसबहीण प्रिया, भाजी वाढता वाढता, अगदी सहज म्हणाली, "पण हे लोक आधीचे कोण असतील गं? म्हणजे मूळचे?"

मी म्हटलं, माहीत नाही.

मला माहीत होतं.

मंजूषा


कापेल
बुधवार, २४ एप्रिल

सुचेता,

मागच्या गुरुवारी वकीलबाईंकडे कागद आला. रिफतचा अर्ज नाकारण्याचा इरादा आहे असं त्यात म्हटलं आहे. हा शेवटचा निकाल नव्हे. उत्तर द्यायला चार आठवडे मिळतात, म्हणजे १६ मेपर्यंत. त्यानंतर जे लिहिलं जाईल ते उलटवणं अवघड.

कारणं दोन पानांची आहेत, पण मुद्दा एकच आहे. सहा पानी हकीकतीत अर्जदार शाळेच्या कार्यालयात काम करत होती असं आहे. मुलाखतीत ती म्हणते की ती झाडूवाली होती. कार्यालयातल्या कर्मचारी बाईने आवारात कचरा का जाळावा, हे समजत नाही. कामाबद्दल जी दोन वेगवेगळी विधानं करते तिचं बाकीचंही विश्वासार्ह मानता येत नाही.

सुचेता, ते बरोबर आहेत. मी तपासणारी असते तर हीच चूक पकडली असती.

रिफत झाडूवाली होती. तिची आई त्याच शाळेत झाडूवाली होती. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आवाज न बदलता. तिथे त्या कामाच्या जाहिरातीतच लिहितात की अर्जदार मुसलमान नसावा. रोज दुपारी वर्ग झाडून कागद एका ड्रममध्ये जाळायचे, हे तिचं काम. त्या दिवशीही तिने तेच केलं. तिला वाचता येत नाही. तिच्यावरचं सगळं संकट त्या झाडूतून आलं आहे, आणि मी झाडूच काढून टाकला.

कसा, ते सांगते. मी आधी 'शाळेतील कर्मचारी' असं लिहिलं. ते निदान खोटं नव्हतं. विलमीन ते टाइप करत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "कसल्या कर्मचारी?" हॉलमध्ये आठ-दहा माणसं होती. रिफत समोर बसून मेहकची वेणी घालत होती. आणि मी म्हटलं, "ऑफिसमध्ये." विचार करायला एक क्षणही लागला नाही. ज्या सहजपणे ते तोंडातून आलं, तो सहजपणा माझ्या ओळखीचा होता. तुझ्याही.

वकीलबाईंनी मार्चमध्ये विचारलं तो 'एक शब्द' हाच. तेव्हा सांगितलं असतं तर दुरुस्त्या आणि पुरवण्यांमध्ये एका ओळीत भागलं असतं. आणि जानेवारीत तुलाही मी लिहिलं की कचरा 'जाळला गेला'. कोणी जाळला ते लिहिलं नाही. त्या पत्राची प्रत माझ्या डायरीत आहे, काल रात्री काढून पाहिली.

शिरीष म्हणाला, "तू तिच्या भल्यासाठीच केलंस ना, मग झालं." मृण्मयी जेवता जेवता म्हणाली, डचमध्ये, "पण आई, तिने तर तसं सांगितलं नव्हतं. मग ते तिचं भलं कसं?" आणि पाणी घ्यायला उठली.

आज सकाळी विलमीनला सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यांना कळलंच नाही. "पण सफाई हे काम आहे," त्या म्हणाल्या. "त्यात बदलण्यासारखं काय होतं?" मी अर्धा तास समजावत होते. जन्म, बिरादरी, कोण कोणाच्या हातचं पाणी पीत नाही, धर्म बदलला तरी काय बदलत नाही. त्या नीट ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आणि हे तुला सगळं माहीत होतं?" मी म्हटलं, हो. "मग त्या लोकांना माहीत नसताना तू ते त्यांच्यापासून लपवलंस."

मग रिफतला सांगितलं. ती म्हणाली, "आपने सोचा मुझे शर्म आएगी."

मी म्हटलं, हो.

"मुझे आती, या आपको आई?"

 ती मेहकचा हात धरून गेली. कॉफी तशीच राहिली.

मंजूषा


कापेल
बुधवार, १ मे

सुचेता,

या आणि मागच्या पत्राचे फोटो तुझ्या नंबरवरही पाठवते आहे, कारण मुदत १६ तारखेची आहे आणि टपालाला दोन आठवडे लागतात. पाठवण्याआधी फोन हातात घेऊन बराच वेळ बसले. यात तुझ्याकडे एक मागणं आहे. नाही म्हणालीस किंवा काहीच म्हणाली नाहीस, तरी मी ते समजून घेईन.

वकीलबाई म्हणाल्या की मी लेखी निवेदन द्यावं, हकीकतीतली चूक माझी आहे म्हणून. मी दीड पान लिहून दिलं. सांस्कृतिक संवेदनशीलता, दोन भाषांमधलं अंतर, चांगला हेतू. त्यांनी फोन केला. "पत्र फार छान आहे," त्या म्हणाल्या. "यात काहीच नाही. गैरसमज झाला असं सगळेच लिहितात. शिकलेली बाई, चौदा वर्षं इथे राहणारी, चुका शोधणं हे जिचं काम, तिने दुसऱ्या बाईचं काम बदलून का लिहिलं? हे मलाच पटलं नाही तर त्यांना कसं पटेल?"

मी चार दिवस विचार केला. पटेल असं एकच कारण माझ्याकडे आहे. ते म्हणजे मी हे आधीही केलं आहे.

म्हणून निवेदनात डिसेंबर २००१ लिहायचं आहे. पण ती गोष्ट माझी एकटीची नाही, तुझी आणि तुझ्या वडिलांची आहे, आणि ती मी तुम्हाला न विचारता एकदा वापरली आहे. या वेळी विचारते आहे. मी काय लिहिणार ते खाली मराठीत देते.

'२००१ मध्ये पुण्यात मी आणि माझी मैत्रीण सुचेता त्रिभुवन भाड्याच्या खोलीत राहत होतो. खोली मिळताना घरमालकीणबाईंनी आडनावं विचारली. सुचेता ख्रिस्ती आहे आणि तिचं घराणं पूर्वी कोणत्या जातीचं होतं हे कळलं तर खोली मिळणार नाही, असं मला वाटलं. तिला न विचारता मी तिचं आडनाव जोशी सांगितलं. ती काही बोलली नाही. आठ महिने ती त्या घरात जोशी होती. २३ डिसेंबरला तिचे वडील, जे अहमदनगरच्या मिशन शाळेत शिक्षक होते, नाताळच्या फराळाचा डबा घेऊन आले. सुचेता लायब्ररीत होती. मी दार उघडलं. घरमालकीणबाईंनी खालून विचारलं, कोण आलंय? मी म्हटलं, कॉलेजातून शिपाई आलेत, कागद द्यायला. सुचेताच्या वडिलांनी ते ऐकलं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि जिना उतरून गेले. एका शिक्षकाला मी शिपाई म्हटलं. याबद्दल मला आजही अतिशय खेद वाटतो. चांगल्या हेतूने माणसाची ओळख बदलायची ही माझी जुनी सवय आहे आणि रिफत बीबींच्या बाबतीत मी तेच केलं.'

डब्यात करंज्या होत्या. लिमयेबाईंनी दोन खाल्ल्या आणि विचारलं, तुझ्या आईच्या का गं? ते निवेदनात घातलेलं नाही.

तू जानेवारीत काही न बोलता गेलीस तेव्हा मी धरून चालले की सरांनी घरी सांगितलं असणार.

तुझं नाव नको असेल तर नुसतं 'एक मैत्रीण' लिहीन. गोष्टच नको असेल तर काढून टाकीन आणि दुसरं काही सुचतं का ते पाहीन. रिफत मागच्या बुधवारपासून हॉलमध्ये आलेली नाही.

मंजूषा


कापेल
बुधवार, १५ मे

सुचेता,

तुझा मेसेज रविवारी आला. मी तो डायरीत उतरवून घेतला आहे. इथेही उतरवते, म्हणजे तुझे शब्द मी बदललेले नाहीत हे तुला दिसेल.

'मंजूषा, पत्रं सगळी मिळाली. पहिली दोन उघडली नव्हती, फोटो आल्यावर चारही एकदम वाचली. परवानगी आहे. पूर्ण नाव घाल. अण्णांचंही घाल, त्यांना विचारलं आहे. सुदर्शन यशवंत त्रिभुवन, वय ८१. पण लिहिलं आहेस ते बरोबर नाही. अण्णा शिक्षक नव्हते. मी कॉलेजात "वडील मिशन शाळेत असतात" एवढंच सांगायचे, शिक्षक तू केलंस. त्यांना सर कोणी म्हणत नाही. ते शाळेत शिपाई होते, एकोणतीस वर्षं. घंटा द्यायचे. त्यांची आई नगरपालिकेत झाडूवाली होती, तेही लिही. तेव्हा तू त्या दिवशी त्यांना शिपाई म्हणालीस ते खोटं नव्हतं. खोटं हे होतं की ते तिथे कोणाचे कोणी नव्हते. दुसरं, मी लायब्ररीत नव्हते. मी आत होते, केस धुवून बसले होते. सगळं ऐकलं. बाहेर आले नाही. जिन्यावरून त्यांची पावलं मोजली, एकवीस पायऱ्या. मला तुझा राग आला म्हणून मी गेले नाही, तुझ्याकडे बघितलं की मला मीच दिसायचे म्हणून गेले. तेही घाल. शेवटचं, खेद वाटतो ते वाक्य काढ. त्या बाईच्या अर्जाला त्याचा काही उपयोग नाही. आणि एक विचारते. पाकिस्तानातलं तुला दिसलं ते बरं झालं. मला बावीस वर्षांत पत्र का नाही आलं?'

तुझ्या दुरुस्त्या दोनदा वाचल्या. मी माफी मागत होते तीही चुकीच्या गोष्टीची. शिपायाला शिक्षक करून मग त्याला शिपाई म्हटल्याचं दुःख करत होते. बिचाऱ्या वकीलबाईंना मी तोच झाडू दुसऱ्यांदा लपवून देणार होते, या वेळी पश्चात्तापाच्या कागदात गुंडाळून.

निवेदन पुन्हा लिहिलं. तुझे शब्द जसेच्या तसे घातले. माझं वाक्य एकच ठेवलं, 'रिफत बीबींनी मला पहिल्या दिवशी खरं काम सांगितलं होतं आणि मी ते त्यांना न विचारता बदललं.' खेद काढला. काल ते वकीलबाईंनी पाठवलं. वाचून त्या म्हणाल्या, "आता यात काहीतरी आहे." मग थोडं थांबून, "ही तुमची मैत्रीण वकील आहे का?" मी म्हटलं, नाही, नगरला गणित शिकवते.

पाठवण्याआधी रिफतच्या खोलीवर गेले आणि निवेदन तिला हिंदीत वाचून दाखवलं. एकेक वाक्य. आत ये म्हणाली नव्हती, दारातच उभी राहून ऐकत होती. अण्णांची गोष्ट आली तेव्हा तिने हात वर करून थांबवलं. "बेटी अंदर थी?"

"हां."

"और बाप को पता था कि वो अंदर है?"

हे मला माहीत नाही, सुचेता. मी तसंच सांगितलं.

ती म्हणाली, "पता होगा. बाप को पता होता है." मग बाजूला सरकली आणि म्हणाली, "आइए. चाय पीजिए."

कप एकच धुतलेला होता. त्यात मला दिला आणि आपण स्टीलच्या पेल्यात घेतला. 

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. रिफत लांबची आहे. तिच्या गोष्टीत वाईट माणसं दुसरी होती, आणि मी मदत करणारी. तुझ्या गोष्टीत तसं नव्हतं. याहून बरं उत्तर शोधलं असतं तर सापडलं असतं, पण मी ते शोधत नाही.

मंजूषा


कापेल
बुधवार, ४ डिसेंबर

सुचेता,

तुला मेसेज केला होता तरी नीट लिहिते. ऑगस्टमध्ये रिफतची दुसरी मुलाखत झाली, फक्त कामाबद्दल. ड्रम केवढा होता, कोणत्या वेळी जाळायचे, कागद कोण देतं, पगार कोण देतं. ती म्हणाली, "बाजी, झाडू कैसे पकड़ते हैं ये भी पूछा. मैंने खड़े होकर दिखाया." नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परवाना आला. निकालपत्रात कारणं फार देत नाहीत. माझ्या निवेदनाचा उपयोग झाला की तिच्या उभं राहून दाखवण्याचा, हे कळायला मार्ग नाही. मला वाटतं दुसऱ्याचा. इल्याससाठीचा अर्ज गेला आहे, त्याला महिने लागतील. तो अजून कराचीत दुसऱ्याच नावाने राहतो आहे.

मागच्या बुधवारी तिच्याबरोबर नगरपालिकेत गेले होते. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरता भरता विचारलं, "आधी काय काम करत होतात?" डचमध्ये, माझ्याकडे बघून. रिफतही माझ्याकडे बघत होती. मला शब्द येत होता, तोंडात तयार होता, आणि या वेळी तो खरा होता. तरी मी बोलले नाही. ती माझ्याकडे आणखी थोडं बघत राहिली, मग त्या मुलीकडे वळली आणि डचमध्ये म्हणाली, "शाळेत. सफाई." मुलीने लिहून घेतलं. पुढचा प्रश्न, आता काय करायला आवडेल? तेव्हा रिफतने मला कोपराने ढोसलं. "ये आप बोलो. बस चलाना है मुझे. बड़ी वाली, दो डिब्बे की." ते मी सांगितलं, जसंच्या तसं. मुलगी हसली नाही. म्हणाली, चालक कमीच आहेत, आधी भाषेची परीक्षा द्या.

तुम्हाला नाताळच्या शुभेच्छा. मेहकला उद्या शाळेत सिंटरक्लासकडून, म्हणजे इथल्या नाताळबाबाकडून, भेट मिळणार आहे आणि रिफत, अण्णांच्या डब्यात काय होतं ते मला विचारून, त्याच उत्साहात करंज्या करायच्या म्हणते आहे. मी शिकवते म्हटलं. खरं तर मला येत नाहीत.

मी ९ जानेवारीला पुण्यात पोचते आहे. ११ तारखेला, शनिवारी, नगरला यावं असं मनात आहे. नको असेल तर तसं कळव, मी खरंच समजून घेईन. निवेदनाची प्रत बरोबर आणते आहे. डचमध्ये आहे, पण खाली मराठी केलं आहे. त्यात तुझं आणि अण्णांचं नाव आहे, तेव्हा एक प्रत तुमच्या घरी असायला हवी. काही चुकलं असेल तर अण्णांनी पेनने त्यावरच लिहावं.

घंटा वाजली की आजकाल दार अण्णाच उघडतात, वेळ लागतो पण कोणाला उघडू देत नाहीत, असं तू सांगितलंस. मी थांबेन. आतून कोणी विचारलं, कोण आलंय, तर काय सांगायचं ते त्यांनी ठरवावं. 'कॉलेजातून आलेत, कागद द्यायला' असं म्हणाले तरी ते खरंच असेल.

मंजूषा